ट्रेडिंग सोडलं, आता लिहू का?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच वळणाचे आहेत. क्रिप्टोत पैसे घालवलेत किंवा घालवायची भीती वाटते, मग त्याच विषयावर लिहून-बोलून चार पैसे मिळतील का? त्यातले निवडक घेतो.

प्रश्न : फ्युचर्समध्ये (क्रिप्टोच्या पुढच्या भावावरचे सौदे) दहापट लिव्हरेज (उसन्या रकमेचं बळ) घेतलं आणि शिल्लक साफ झाली. मित्र म्हणतो, ट्रेडिंग सोड, पोस्ट लिहून टोकन मिळव, त्यात खिशातलं काही जात नाही. खरं आहे का? (नाशिक)

खिशातलं जात नाही हे खरं. पण टोकन, म्हणजे त्या मंचाचं क्रिप्टो-नाणं, हातात पडलं आणि तुम्ही ते ठेवून दिलंत, की तुम्ही पुन्हा ट्रेडरच. स्टीमिटवर लिहिणाऱ्यांनी हे भोगलं आहे. 2016 साली सुरू झालेल्या या मंचावर लेखाला मतं पडायची आणि सात दिवसांनी लेखकाच्या खात्यात मोबदला जमा व्हायचा. मतं मात्र सारख्या वजनाची नव्हती. ज्याच्याकडे या मंचाचं टोकन, म्हणजे स्टीम, जास्त अडकवलेलं, त्याच्या मताला वजन जास्त. दोन-चार बडे खातेदार खूश झाले तर सुमार लेखालाही घबाड, नाहीतर मेहनतीच्या लेखाला चणे-फुटाणे. शिवाय मोबदल्यातला काही भाग ‘स्टीम पॉवर’ म्हणून अडकून राहायचा आणि तो मोकळा करायला 13 आठवडे, दर आठवड्याला एक हप्ता.

जानेवारी 2018 च्या सुरुवातीला एक स्टीम 8 डॉलरच्या आसपास होतं. वर्ष सरताना ते अर्ध्या डॉलरच्याही खाली गेलं. म्हणजे 50 स्टीम कमावून ते जपून ठेवणाऱ्याचे 400 डॉलर 25 च्या आत आले, तेही एकही सौदा न करता. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टीमिट चालवणाऱ्या कंपनीने सुमारे 70 टक्के माणसं कमी केली. 2020 मध्ये क्रिप्टो उद्योजक जस्टिन सन यांनी कंपनी विकत घेतली, तेव्हा बिनसलेल्या मंडळींनी वेगळी चूल मांडली आणि ‘हाइव्ह’ सुरू केलं.

म्हणून लिहायचं तर मोबदल्याला मजुरी समजा. मोकळा होईल तसा तो लगेच रुपयांत आणा. ‘वर गेलं की विकू’ हे वाक्य तुम्हाला चांगलंच परिचयाचं असेल.

आणि विषय शोधायला लांब जाऊ नका. दहापट लिव्हरेजवर 10,000 रुपये लावले की सौदा एक लाखाचा होतो. भाव विरुद्ध दिशेला दहा टक्के जायच्या थोडं आधीच एक्स्चेंज (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचा मंच) सौदा बंद करतं आणि तुमची रक्कम संपते. नंतर भाव फिरून वर आला तरी तुमचा काही संबंध उरत नाही. हे तुमच्या स्वतःच्या व्यवहाराच्या आकड्यांसकट, वेळेसकट लिहा. नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे ढीगभर आहेत, हे कोणी लिहीत नाही.

प्रश्न : माझं इन्स्टाग्रामवर स्वयंपाकाचं खातं आहे. एका नव्या कॉइनवाल्यांनी एका रीलचे 15,000 रुपये आणि वर रेफरल कोडवर कमिशन देऊ केलं आहे. मी स्वतः गुंतवणार नाही, फक्त माहिती देणार. घेऊ का? (पिंपरी)

नको. ताई, तुम्हाला पैसे माहितीचे मिळत नाहीत, तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या बायका तो कोड वापरतील याचे मिळतात. कमिशन कुठून येतं एवढंच बघा. एक्स्चेंजचे अनेक कार्यक्रम याच तत्त्वावर चालतात. बायनान्स या एक्स्चेंजच्या ‘राइट टू अर्न’मध्येही वाचकाने तुमच्या पोस्टमधून जाऊन सौदा केला, तर त्याच्या शुल्कातला वाटा तुम्हाला मिळतो. वाचक कमावतो की बुडतो, याच्याशी त्या वाट्याचा संबंध नाही. अशा वेळी ‘थांबा, घाई करू नका’ असं लिहिणारा स्वतःच्या पोटावर पाय आणतो. मला ट्रेडिंगपेक्षा हे जास्त खुपतं, कारण ट्रेडिंगमध्ये निदान पैसे स्वतःचे जातात.

नियमांचंही आहेच. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआयची क्रिप्टोसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वं 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत. हे उत्पादन अनियंत्रित व जोखमीचं आहे आणि नुकसान झालं तर नियामकाकडे दाद मिळेलच असं नाही, ही सूचना ठळक द्यावी लागते. इन्फ्लुएन्सरही त्यातून सुटत नाहीत. अमेरिकेत किम कार्दाशियन यांनी इथेरियममॅक्स या टोकनच्या पोस्टवर जाहिरात असल्याचा हॅशटॅग टाकला होता, पण आपल्याला अडीच लाख डॉलर मिळाले हे सांगितलं नव्हतं. ऑक्टोबर 2022 मध्ये 12 लाख 60 हजार डॉलर भरून ते प्रकरण मिटवावं लागलं.

पुण्या-पिंपरीत तर गेनबिटकॉइन ही फसवी योजना विसरायला नको. 18 महिने, महिना 10 टक्के असं सांगून बिटकॉइन घेतले आणि पुढे परतावा स्वतःच्याच ‘एमकॅप’ नावाच्या टोकनमध्ये द्यायला लागले, ज्याची किंमत कितीतरी कमी. त्यात लोकांना ओढणारे बरेचदा ओळखीपाळखीचेच होते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. क्रिप्टोत एक रुपया टाकायचा नाही, पण तंत्रज्ञान समजून घेतोय. मराठीत लिहिलं तर कोण वाचणार? (कोल्हापूर)

सर, वाचणारे आहेत, लिहिणारे कमी आहेत. इथेरियम या क्रिप्टो-जाळ्याच्या अधिकृत संकेतस्थळाचा अनुवाद स्वयंसेवक करतात आणि त्यात मराठीही आहे. पैशांची अपेक्षा न धरता तिथून सुरुवात करा, शब्द हाताखालून जातील. मग वॉलेटचे (कॉइन सांभाळणाऱ्या डिजिटल पाकिटाचे) 12 किंवा 24 शब्द म्हणजे काय, ते फोटो काढून मोबाइलमध्ये का ठेवू नयेत, जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर चोरी झाली तेव्हा ‘माझे कॉइन’ नेमके कोणाच्या ताब्यात होते, असं एकेक घ्या. पेन्शन चालू असलेला माणूस कोणाच्या कमिशनवर अवलंबून नसतो. या क्षेत्रात असे लेखक फार थोडे.

प्रश्न : एआयकडून रोज दहा पोस्ट लिहून घेतल्या तर? (छत्रपती संभाजीनगर)

हाइव्हसारख्या ठिकाणी सात दिवसांच्या आत विरोधी मतं पडून मोबदला शून्यावर येऊ शकतो, आणि तिथले जुने सभासद अशा पोस्ट शोधतच असतात. पुढचा प्रश्न.

प्रश्न : लेखांचे टोकन मिळाले, अजून विकले नाहीत. मग कर कसला? (ठाणे)

कर दोनदा बघावा लागतो. कामाचा मोबदला म्हणून टोकन आलं, की त्या दिवशीच्या बाजारभावाने ते तुमचं उत्पन्न धरलं जातं आणि त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. पुढे विकाल तेव्हा वाढलेल्या किमतीवर 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर. मिळालं तेव्हा 20,000 चं होतं आणि 26,000 ला विकलं, तर 6,000 च्या नफ्यावर 1,872 रुपये. भारतीय एक्स्चेंजवर विकताना विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएसही साधारणपणे कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

मेख उलट बाजूला आहे. तेच टोकन 12,000 ला गेलं तरी उत्पन्न 20,000 च धरलेलं, आणि 8,000 चा तोटा ना दुसऱ्या उत्पन्नातून वजा होतो, ना पुढच्या वर्षी ओढता येतो. त्यामुळे टोकन जमा झाल्याची तारीख, संख्या आणि त्या दिवसाचा भाव वहीत किंवा एक्सेलमध्ये त्याच दिवशी टिपा. मार्च संपल्यावर सीएकडे जाऊन ‘साधारण इतके असतील’ म्हणू नका, त्यांनाही तो भाव मागे जाऊन हुडकावा लागतो आणि त्याची फी वेगळी पडते.