नऊ दिवस कामावर गेलो नाही म्हणून कंपनीने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नाव कमी केलं’ असं कळवलं. माझं म्हणणं ऐकून घ्यायला नको होतं का?

घ्यायलाच हवं होतं. नाव कमी करणं, पटावरून उतरवणं, काहीही म्हणा, ते कामावरून काढणंच आहे. सुप्रीम कोर्टाने १९९३ साली डी. के. यादव यांच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. तिथेही कंपनीच्या स्थायी आदेशात, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, होतं की आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिला तर नोकरी आपोआप गेली. कोर्टाने ते चालू दिलं नाही. आधी विचारणा करा, चौकशी करा, मग काय ते ठरवा. त्या कामगाराला परत घ्यायला लावलं आणि मागचा अर्धा पगारही द्यायला लावला.

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण माझ्याबाबत हेच झालं. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं लेथवर होतो. २०१४ च्या मे महिन्यात बाबांना मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी दवाखान्यात, भरती केलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. सुपरवायझरला दोनदा फोन केला, ‘बाबांकडे बघ, मी सांगतो साहेबांना’ म्हणाले. बाराव्या दिवशी सातच्या पाळीला गेलो तर वॉचमनने हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. माझ्या नावावर लाल शाईची रेघ होती, पट्टी ठेवून मारलेली. ‘भाऊ, तुले आत सोडता येत नाही, सायबानं सांगितलं,’ एवढं बोलून तो खाली बघत राहिला. डबा हातात तसाच होता.

दुपारी ऑफिसात बोलावलं. टाइप केलेला राजीनामा समोर ठेवला. सही करा, हिशोब आजच घेऊन जा. मी म्हटलं, माझी चूक काय ते कागदावर द्या. ते काही दिलं नाही.

संध्याकाळी भाऊजी घरी आले. त्यांचं म्हणणं, सही करून टाक, कोर्टात म्हातारा होशील. मी सही केली नाही. त्याऐवजी सगळी हकिगत लिहून, मेडिकलच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडून रजिस्टर एडीने पाठवली. कंपनीच्या शिक्क्यासह पोचपावती परत आली, ती मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार कायद्याखाली ९० दिवसांत कामगार न्यायालयात तक्रार करावी लागायची, मी ६२ व्या दिवशी केली.

कंपनी म्हणाली, हा स्वतःच नोकरी सोडून गेला. उलटतपासणीत माझ्या वकिलांनी ती पोचपावती त्यांच्या माणसापुढे धरली. पत्र मिळालं? हो. उत्तर दिलं? नाही. चौकशी केली? नाही. २०१९ ला निकाल लागला, परत घ्या आणि अर्धा पगार द्या. मग ते वर औद्योगिक न्यायालयात गेले, २०२१ ला तडजोड होऊन मी परत लेथवर उभा राहिलो. मधली वर्षं वाडीला एका वर्कशॉपमध्ये रोजीने काढली, बायकोने शिवणकाम केलं. हे सोपं होतं असं मी म्हणणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, राजीनाम्यावर सही करू नका. सही केली की तुम्हाला काढलं हेच सिद्ध करणं कठीण होऊन बसतं. तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज डिलीट करू नका. आजच पत्र लिहा, मी कामावर यायला तयार आहे हे त्यात असू द्या, आणि स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. रोज गेटवर जाऊन भांडायची गरज नाही.

माझी केस जुन्या कायद्यातली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तेव्हा मुदत आणि कलमं कामगारांच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाला लवकर विचारून घ्या. तुम्ही प्रोबेशनवर किंवा मॅनेजरच्या कामावर असाल तर गणित वेगळं. हुद्दा काय यापेक्षा तुम्ही प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात.

भाऊजी अजूनही म्हणतात, सात वर्षं घालवून मिळवलं काय? माझ्या खात्यात आता कोणी आठ-दहा दिवस आला नाही तर त्याच्या घरी आधी पत्र जातं, कारण विचारतात, बोलावून घेतात. मागच्या दिवाळीत एका पोराची नोकरी त्यामुळे टिकली. त्याची आई आजारी होती. हे मी भाऊजींना त्याच पोरासमोर सांगितलं.