लग्नाचा व्हिडिओ ६३ टक्क्यांवर अडकतो आणि आवाज मागे पडतो, काय करू?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. बहिणीच्या लग्नाचा दीड तासाचा व्हिडिओ प्रीमिअर प्रो या एडिटिंगच्या प्रोग्राममधून काढताना (एक्सपोर्ट करताना) दर वेळी ६३ टक्क्यांच्या आसपास एरर येतो. एकदा कसाबसा पूर्ण झाला, तर मामांच्या फोनवरून घेतलेल्या भागात आवाज मागे मागे पडत गेला. आणि ती फाइल टीव्हीला लावायच्या पेन ड्राइव्हवर उतरेना. मी साताऱ्यात लग्नांचे व्हिडिओ एडिट करते आणि या तिन्हींतून गेले आहे. हे तीन वेगळे बिघाड आहेत, त्यामुळे एका सेटिंगने तिन्ही सुटणार नाहीत. एकेक धरू या.

आधी ६३ टक्के. प्रोग्राम पुन्हा टाकणं, विंडोज फॉरमॅट करणं यातलं काहीही आत्ता करू नका. दर वेळी त्याच ठिकाणी अडकत असेल तर टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने मांडलेल्या पट्टीवर, त्या जागी काहीतरी आहे. नव्वद मिनिटांचे ६३ टक्के म्हणजे साधारण ५७वं मिनिट. एररची चौकट बंद करण्याआधी नीट वाचा, त्यात बहुतेक वेळा टाइमकोडही (व्हिडिओतली नेमकी वेळ) दिलेला असतो. आता ५४ ते ६० मिनिटांना इन आणि आउट (सुरुवात आणि शेवटाच्या खुणा) लावा आणि तेवढाच तुकडा एक्सपोर्ट करा. अडकला तर त्याचे दोन भाग करा, जो अडकेल त्याचे पुन्हा दोन. चार-पाच फेऱ्यांत तुम्ही नेमक्या क्लिपवर येता.

माझ्या अनुभवात तिथे सापडतात ते फोटो. गेल्या सीझनला हळदीच्या फोटोंच्या एका मालिकेवर माझी अख्खी रात्र गेली होती. फोटोग्राफरने दिलेले फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचे, मी ते तसेच टाइमलाइनवर टाकलेले. फोल्डरमध्ये असा फोटो ८-१० एमबीचा दिसतो, पण इफेक्ट लावण्यासाठी प्रोग्राम तो ३२ बिटमध्ये उघडतो तेव्हा मेमरीत ३८४ एमबी जागा घेतो. एक फोटो विरत दुसरा येत असताना दोन्ही एकदम उघडे, म्हणजे पाऊण जीबीच्या वर. ग्राफिक्स कार्डाची मेमरीच दोन जीबी असेल तर त्यावर झूम आणि ब्लर लावल्यावर ते कोसळणारच. फोटो आधीच ३००० पिक्सेल रुंदीचे करून घ्या. फुल एचडीच्या व्हिडिओत थोडा झूम करायलाही तेवढे पुरतात.

फोटो नसतील तर बघा, फोनवरून कॉपी होताना अर्धवट राहिलेली एखादी क्लिप आहे का, किंवा थरथर घालवणारा इफेक्ट तिथे लावलाय का. तेही नसेल तर एक्सपोर्टच्या चौकटीत हार्डवेअर एन्कोडिंगऐवजी (ग्राफिक्स कार्डाकडून फाइल बनवणं) सॉफ्टवेअर एन्कोडिंग (प्रोसेसरकडून बनवणं) निवडा. वेळ दुप्पट-तिप्पट लागेल, पण ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची कटकट असेल तर ती तिथेच कळते. आणि तो तुकडा एकटा सुरळीत निघाला, फक्त पूर्ण व्हिडिओच अडकला, तर डिस्कवर जागा किती उरली आहे ते पाहा. मध्येच थांबलेली एमपी४ फाइल बारा जीबीची दिसूनही उघडत नाही, कारण कोणती फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) कुठे आहे याची अनुक्रमणिका एरवी सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ती फाइल दुरुस्त करत बसू नका, पुन्हा काढा.

आता आवाज, कारण तुमच्या घरच्यांना हेच सगळ्यात जास्त खुपणार आहे. मंगलाष्टकांचा माझा एक व्हिडिओ असाच बिघडला होता. फोन ट्रायपॉडवर ठेवून वीस मिनिटांचा एकच शॉट घेतलेला. सुरुवातीला सगळं बरोबर. शेवटच्या कडव्याला मात्र अक्षता आधी उधळल्या जात होत्या आणि ‘सावधान’ नंतर ऐकू येत होतं. नवरीच्या आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं ते.

याचं कारण फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. फोन सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो, पण उजेड कमी झाला किंवा फोन तापला की कधी २९, कधी त्याहून कमी फ्रेम घेतो. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. एडिटिंगच्या प्रोग्रामने सगळ्या फ्रेम सारख्याच अंतरावर आहेत असं धरलं की चित्र पुढे पळतं आणि आवाज आपल्या गतीने येत राहतो. प्रत्यक्षात सरासरी २९.९७ आणि धरलेले ३०, एवढ्याशा फरकानेही तासाला ३.६ सेकंद जातात. माझ्या वीस मिनिटांत सव्वा सेकंदाच्या आसपास गेले होते, आणि ओठांवरून तर त्याच्या पावपट फरकही कळतो.

खात्री करायची असेल तर मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्राम घ्या, मूळ क्लिप त्यात टाका आणि ‘फ्रेमरेट मोड’ समोर काय लिहिलंय ते पाहा. ‘व्हेरिएबल’ दिसलं की विषय संपला. मग हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये ती क्लिप घालून व्हिडिओच्या टॅबमध्ये ३० निवडा, खाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ वर टिंब करा आणि दर्जाचा आकडा १६-१८ ठेवा. तिथे आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. फाइल मोठी होईल, होऊ द्या. प्रीमिअरमध्ये जुन्या क्लिपवर राइट क्लिक करून ‘रिप्लेस फुटेज’ने नवी क्लिप बसवा, म्हणजे तुमचे कट राहतात. मात्र प्रत्येक कट एकदा डोळ्यांखालून घाला, थोडे सरकलेले असू शकतात. आवाज हाताने ओढून जुळवायच्या फंदात पडू नका. एका जागी जुळतो, पाच मिनिटांनी पुन्हा सुटतो.

एक फरक मात्र लक्षात घ्या. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे असेल तर ते फ्रेमरेटचं काम नाही. मग तीच फाइल दुसऱ्या प्लेअरवर किंवा दुसऱ्या टीव्हीवर लावून पाहा. ब्लूटूथ स्पीकर जोडलेला असेल तर तो आधी काढा.

पेन ड्राइव्हचं सोपं आहे. तो फॅट३२ फॉरमॅटचा असणार, आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आत ३० जीबी मोकळे असले तरी. एक्सफॅट फॉरमॅट केलं तर बसेल, पण जुने टीव्ही तो वाचतीलच असं नाही. फाइल किती मोठी होईल ते आधीच काढता येतं: बिटरेट (व्हिडिओच्या दर सेकंदाला किती मेगाबिट, म्हणजे एमबीपीएस) गुणिले सेकंद, भागिले आठ. नव्वद मिनिटं म्हणजे ५४०० सेकंद. १६ एमबीपीएस ठेवलं तर १०.८ जीबी. ४ जीबीत बसवायचं तर साडेपाचवर यावं लागेल, आणि ते मी करणार नाही. अक्षता उडतात तेव्हा जवळजवळ सगळी फ्रेम क्षणाक्षणाला बदलते, आणि कमी बिटरेटमध्ये नेमकी तिथेच चौकटी चौकटी दिसायला लागतात. शालूच्या जरीचंही तेच. त्यापेक्षा लग्न आणि रिसेप्शन असे पाऊण-पाऊण तासाचे दोन भाग करा आणि १० एमबीपीएस ठेवा. प्रत्येक भाग साधारण ३.४ जीबीचा होईल. एक्सपोर्टच्या चौकटीत व्हिडिओचा प्रकार एच.२६४, ८ बिट, आवाज एएसी स्टिरिओ, एवढं घेतलंत की बहुतेक टीव्ही चालवतात. एच.२६५ मध्ये फाइल लहान होते खरी, पण घरचा टीव्ही जुना असेल तर पाहुण्यांसमोर नुसता आवाज यायचा.

डिस्कवर शंभरेक जीबी मोकळे असतील तर आधी प्रोरेस ४२२ मध्ये (एडिटिंगसाठीचा मोठ्या फाइलींचा, उत्तम दर्जाचा प्रकार) एक मास्टर, म्हणजे मूळ प्रत, काढून ठेवा. फुल एचडी, २५ फ्रेमला तासाला ५५ जीबी, म्हणजे तुमचा व्हिडिओ ८२-८३ जीबीचा. टीव्हीसाठी, व्हॉट्सअ‍ॅपसाठी, यूट्यूबसाठी लागतील त्या लहान फाइली मग त्यातूनच काढायच्या. टाइमलाइन पुन्हा रेंडर होत नाही, त्यामुळे ५७व्या मिनिटाचा प्रश्न एकदा सुटला की सुटला.

सगळं झाल्यावर पूर्ण दीड तास पाहायला वेळ नसेल, तर निदान फोनवरच्या प्रत्येक लांब शॉटचं शेवटचं मिनिट टीव्हीवर लावून बघा. अजून अडलं तर एररच्या चौकटीतला मजकूर आणि मीडियाइन्फोतली फ्रेमरेटची ओळ इथे खाली टाका, मी पाहते.