सेसिल टेलर ऐकायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: मंक, बिल इव्हान्स हे पियानोवादक ऐकून जॅझची गोडी लागली. मित्र म्हणाला आता सेसिल टेलर ऐक, तोही जॅझ पियानोवादकच, म्हणून त्याचा 'युनिट स्ट्रक्चर्स' हा अल्बम लावला तर सगळे एकाच वेळी भांडतायत असं वाटलं, दहा मिनिटांत बंद केला. हे आपल्यासाठी नाहीच का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आहे हो, नक्की आहे, फक्त दरवाजा चुकला. 'युनिट स्ट्रक्चर्स' १९६६ चा, त्यात सात जण, दोन तर बेसवालेच, आणि कोणी ठेका धरून बसत नाही, मग नवीन कानाने पकडायचं तरी काय? प्रत्येक यादीत हाच पहिला असतो ते मला अजिबात पटत नाही.

तुम्ही आधी १९६० चा 'द वर्ल्ड ऑफ सेसिल टेलर' काढा आणि त्यातलं एकच लावा, 'दिस निअरली वॉज माइन'. ब्रॉडवेच्या 'साउथ पॅसिफिक'मधलं गाणं आहे, मूळ गाणं एकदा ऐकून घ्या आणि मग लगेच टेलरचं. पियानो, बेस, ड्रम्स एवढेच. चाल ओळखू येते, पण हळूहळू तिच्याखालचे सूर सरकायला लागतात, कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) आंबट होतात, एक तुकडा तो परत परत घेतो आणि दर वेळी वेगळ्या जागी सोडतो. मंक आवडतो ना, मग ही वाट तुम्हाला अनोळखी वाटणारच नाही.

त्यानंतर डायरेक्ट सोलो. 'सायलेंट टंग्ज', १९७४, माँत्रो फेस्टिव्हलमधलं लाइव्ह. मुख्य रचना पाच भागांची आणि दमवणारी आहे, म्हणून आधी शेवटचे दोन छोटे एन्कोर, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर वाजवलेले जादाचे तुकडे, ऐका. हेडफोन लावून फक्त एवढंच बघा की खाली खर्जात एक छोटा तुकडा पडतो आणि वरच्या पट्टीतून त्याला उत्तर येतं, मग उत्तराचाच प्रश्न होतो, असं चालू राहतं. हा सवाल-जवाब एकदा कानात बसला की टेलरचा वेग अंगावर येत नाही, कारण तो कितीही सुसाट गेला तरी त्या दोन-चार सुरांच्या तुकड्यावरच काम करत असतो, तोच वाढवतो, मोडतो, उलटा करतो. बेताल बडवणं म्हणतात लोक, मला ते ऐकून खरंच वाईट वाटतं, इतकी शिस्त फार कमी जणांच्या हातात असते.

मग बँड. 'कॉन्किस्टाडोर!', हाही १९६६ चाच, ऑक्टोबरमध्ये रेकॉर्ड झालेला, एलपीच्या एका बाजूला एकच रचना. दुसरी बाजू 'विथ (एक्झिट)' आधी लावा, त्यात बिल डिक्सनचा ट्रम्पेट इतका हळुवार, श्वासासकट येतो की बाकीच्यांना जागा द्यावीच लागते. जिमी लायन्सच्या आल्टो सॅक्सोफोनकडे लक्ष ठेवा, १९८६ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत तो टेलरबरोबर होता, आणि गोंधळात हरवलात तर त्याचं बोट धरा, त्याच्या वाजवण्यात जुना आल्टो सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर स्पष्ट ऐकू येतो.

१९८८ च्या बर्लिनच्या कार्यक्रमांचा ११ सीडींचा मोठा संच आहे, तो एवढ्यात नको.

'युनिट स्ट्रक्चर्स' मात्र टाकून देऊ नका, दोनेक महिन्यांनी परत काढा आणि या वेळी 'एंटर इव्हनिंग'पासून सुरू करा. संथ आहे, ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) आणि म्यूट, म्हणजे आवाज दबवणारं बूच, लावलेला ट्रम्पेट, कोणी भांडत नाहीये.