माळ्यावरच्या बरण्या

प्रश्न : डोंबिवलीत आमचं वन बीएचके घर आहे. सासूबाई काहीच टाकू देत नाहीत. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे डबे, दुधाच्या पिशव्या, जुन्या साड्यांची दोन गाठोडी. "लागतं कधीतरी," म्हणतात. मला घर मोकळं हवंय. सगळं काढून एकसारख्या काचेच्या बरण्या आणाव्यात असं मनात आहे. त्या दुखावतील का?

उत्तर : दुखावतील. शिवाय त्यांचं सगळंच चुकतंय असं मला वाटत नाही.

मी गिरगावात चाळीत वाढले. दहा बाय बाराची खोली, माणसं सात. आई चिंधीही टाकत नसे, तरी रात्री सात अंथरुणं पडायची, कारण आमच्याकडे वस्तू पडून राहत नसे. सुती पातळ विरलं की त्याची दुपटी, लंगोट, उरलेलं गोधडीत आणि अगदी शेवटी पोतेरं. जरीच्या साड्या बोहारणीकडे जायच्या, बदल्यात पातेलं यायचं. वर्तमानपत्र आधी फळीवर अंथरायला, मग रद्दीत. प्लॅस्टिकचा डबा वर्षाला एखादा यायचा.

सासूबाईंची सवय तशाच घरातली असणार. आता डबे आठवड्याला चार येतात आणि संपत मात्र एकही नाही.

म्हणून एका रविवारी दोघी मिळून गाठोडी सोडा. सुती साड्या वेगळ्या काढा. सिंथेटिक साडीचं पोतेरंसुद्धा पाणी टिपत नाही, ती ठेवून उपयोग नाही. गोधडीला लागतील तेवढ्याच ठेवा आणि त्याच आठवड्यात शिवायला घ्या. सासूबाईंना टाका येत असेल तर शिकून घ्या. आईची गोधडी आजही माझ्या अंगावर असते, पण तिचा टाका मी शिकले नाही, याची फार हळहळ वाटते.

डबे एका फळीवर मावतील तेवढेच. जास्तीचे फराळ भरून शेजारी द्या, परत मागू नका. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला, दर महिन्याला.

आणि नव्या बरण्या लगेच आणू नका. लोणच्याच्या, जॅमच्या, मधाच्या रिकाम्या बाटल्या सासूबाईंनी माळ्यावर ठेवल्याच असतील. आधी त्या उतरवून घासा.