निवृत्त होणाऱ्या बाईंचे आभार मानायला कोणतं मराठी गाणं म्हणावं? (भाषण नको, फक्त गाणं)

तुकारामांचा 'काय सांगों आतां संतांचे उपकार' हा अभंग म्हणा. आभार मानणारी बरीच गाणी 'उपकार' या शब्दावरच थांबतात. हा अभंग पुढे जाऊन परतफेडीचं काय, असं विचारतो: 'काय द्यावें त्यांसी व्हावें उतराई'. आणि जीव पायांवर ठेवला तरी तोही थोडाच, असं सांगतो. त्यापुढे शिक्षकांना नेमकी लागू पडणारी ओळ येते, की संतांचं सहज बोलणंही हिताचा उपदेशच असतं. शेवटी गाय आणि वासरू: गाईचं मन जसं वासरात, तसे संत मला सांभाळत येतात. चारच कडवी असल्यामुळे मुलांचंही दोन दिवसांत पाठ होतं. 'संतांचे'च्या जागी 'बाईंचे' घालायचा मोह मात्र टाळा, चाल अडखळते आणि ऐकायलाही कसंतरी वाटतं.

दुसरा पर्याय बहिणाबाईंचा (संत बहिणाबाई, 'अरे संसार संसार'वाल्या बहिणाबाई चौधरी नव्हेत) 'संतकृपा झाली, इमारत फळा आली'. पाया ज्ञानदेवांनी रचला, कळस तुकोबा झाले, असं प्रत्येकाचं श्रेय त्यात नाव घेऊन दिलंय. शाळेतल्या सगळ्याच शिक्षकांचे आभार मानायचे असतील तर हा जास्त शोभेल.

अशा कार्यक्रमांत हमखास म्हटलं जाणारं पसायदान हे आभाराचं गाणं नाही, मागणं आहे. ते समारोपाला ठेवा.

आणि हो, निरोप ऑफिसातल्या साहेबांना असेल तर तुकोबांचा अभंग जरा जास्तच होईल.