नुसती डोकी मोजू नकोस

जंगली जनावरांच्या गणतीत नवीन आहेस म्हणून सांगतो, जनावरं किती यावर थांबू नकोस. पिल्लं कोणाकोणाची, ते बघ. ५० जणांत २ नरच बाप होत असतील, तर पुढची पिढी म्हणजे दोनच बापांची सावत्र भावंडं. ती आपापसातच जुगली की दोष वाढतात. फ्लोरिडातल्या पँथरचं (नाव पँथर, जनावर प्यूमा, बरं का) असंच झालं. २०-३० उरले, शेपटीच्या टोकाला मुरड, कित्येक नरांचे वृषण खाली उतरलेलेच नाहीत. १९९५ मध्ये टेक्सासहून ८ माद्या आणून सोडल्या, त्यातल्या ५ व्यायल्या, आणि त्यांच्या पिल्लांत हे दोष पुष्कळ कमी झाले. पण बाहेरचं जनावर आणण्याआधी रोगांची तपासणी हवीच. आणि पिल्लं कोणाची ते विष्ठेतल्या डीएनएवरून कळतं, म्हणून विष्ठेचे नमुने सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) कोरडे ठेव. ओल धरली की डीएनए गेलाच म्हणून समज.