दोघांच्या संघाच्या रायफल नेमबाजी स्पर्धेत गवत किंवा उतारामुळे आडवे पडून नेम धरता येत नसेल, तर जवळच्या सामानातून आधार कसा उभारावा?

आधार पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी मिळाला पाहिजे, कारण केवळ पुढचा भाग टेकवला तर दस्ता (नळी ज्यात बसवलेली असते तो खांद्यापर्यंतचा सांगाडा) खांद्याशी डुलत राहतो आणि नेमातील 1 मिलचा (मिल म्हणजे अंतराच्या हजाराव्या भागाइतका कोन) हेलकावा 600 मीटरवर 60 सेंटिमीटर होतो. बसून मारताना रायफल एका ट्रायपॉडवर ठेवावी आणि जोडीदाराचा ट्रायपॉड किंवा उभी केलेली भरलेली पाठपिशवी उजव्या काखेखाली अथवा कोपराखाली घ्यावी (डावखुऱ्याने उलट बाजूस); माझ्या मते पुढची पकड आणखी घट्ट करण्यापेक्षा याचाच उपयोग जास्त होतो. नळी मात्र कशालाही टेकवू नये, आधार नेहमी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली असावा. बैठक जमल्यावर डोळे मिटून अंग सैल सोडावे आणि डोळे उघडल्यावर नेम सरकलेला दिसला, तर हाताने रायफल ढकलण्याऐवजी बैठकच बदलावी.

जोडीदाराच्या खांद्यावर रायफल टेकवण्याचा मोह टाळावा, कारण त्याच्या श्वासाबरोबर नेम हलतो, त्याच्या कानाला स्फोटाच्या आवाजाचा धोका असतो आणि गोळी कुठे लागली हे पाहायला कोणी उरत नाही. त्याने नळीच्या तोंडापुढे कधीही न जाता, शक्यतो नेमबाजाच्या पाठीमागे नळीच्या रेषेत बसावे, म्हणजे गोळीचा हवेतील माग त्याला दिसतो. ट्रायपॉड दोनच असतील, तर जोडीदाराची दुर्बीण पिशवीवर ठेवलेली चालते.